खोड आणि लकब

बऱ्याच महिन्यांनी लिहायला बसले आहे. मधले सहा महिने न्यूजर्सीला धाकटीकडे होते. तिथे गेल्यावर मी काय केलं, असं कोल्हापूरच्या वन्संनी फोनवर विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "बेसबॉल शिकले." त्यांना वाटलं फोन नीट लागला नाही.

शिकले म्हणजे खेळायला नव्हे. नातू नऊ वर्षांचा आहे आणि लिटिल लीगमध्ये खेळतो. आठवड्यातून तीन संध्याकाळी सराव, शनिवारी सामना. घडीच्या खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या, गुडघ्यावर शाल आणि समोर सगळी धूळ. मैदानाच्या कडेला बसून बसून मला एक गोष्ट लक्षात आली. त्या मुलांचे कोच (तेही कुणाचे तरी वडीलच, नोकरी सांभाळून हौसेनं शिकवणारे) दिवसभर जे ओरडतात ते मी पस्तीस वर्षं वर्गात ओरडत होते. "डोकं हलवू नकोस." "कोपर नीट ठेव." "बघ जरा तिकडे!" मुलांच्या चुका काढणं हा माझाही धंदा. म्हणून मन तिथेच गुंतलं.

ज्यांनी बेसबॉल पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. क्रिकेटसारखा टप्पा नाही. पिचर थेट अंगावर आल्यासारखा चेंडू फेकतो, आणि बॅटर एका कुशीवर उभा राहून गोल दांड्यासारखी बॅट आडवी फिरवतो. मोठ्यांच्या खेळात हे अंतर साठ फूट सहा इंच, लहानांच्यात शेहेचाळीस फूट. मोठ्यांच्यात चेंडू ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास येतो, म्हणजे हातातून सुटल्यापासून बॅटरपर्यंत पोचायला सेकंदाच्या चार दशांशाएवढा वेळ. तेवढ्यात ठरवायचं, तेवढ्यात मारायचं.

एप्रिलमध्ये नातवाच्या बरगडीत चेंडू बसला. हाड वगैरे काही नाही, निळा डाग चार दिवस राहिला. पण त्यानंतर त्याचा पुढचा पाय बिघडला. चेंडू येतोय म्हटलं की डावा पाय पिचरच्या दिशेनं पडायचा तो बाजूला, तिसऱ्या बेसकडे पडायला लागला. पाय गेला की खांदा जातो, खांदा गेला की डोकं जातं, आणि बॅट चेंडूपर्यंत पोचतच नाही. या दोषाला अमेरिकेत जुनं नाव आहे, त्याचा अर्थ "बादलीत पाय टाकणं". पूर्वी खेळाडू बसायचे तिथे पिण्याच्या पाण्याची बादली ठेवलेली असे, पाय तिकडे जातो म्हणून हे नाव, असं म्हणतात. कोचनी त्याच्या टाचेमागे आडवी बॅट ठेवून पाहिली. नातू बॅटला अडखळला. जावई (कॉलेजात क्रिकेट खेळलेले) घरी येताना गाडीत म्हणाले, "अरे, घाबरतोस कशाला?" पोरगं खिडकीबाहेर बघत राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी धाकटीबरोबर गावच्या वाचनालयात गेले. तिथल्या बाई भल्या, मला तीन पुस्तकं काढून दिली. इंग्रजी वाचायचा माझा वेग म्हणजे बैलगाडी, पण घरी दुसरं काम तरी काय होतं? आणि पहिल्याच आठवड्यात मला हा बादलीवाला भेटला.

त्याचं नाव अल सिमन्स. मिलवॉकीचा, पोलिश घरातला. १९२४ साली फिलाडेल्फिया अॅथलेटिक्स संघात आला. उजव्या हातानं खेळायचा आणि पुढचा पाय सरळ तिसऱ्या बेसकडे! त्याचं टोपणनावच "बकेटफूट अल" पडलं. आजूबाजूच्या शहाण्यांनी सांगितलं की हा मोठ्या खेळात टिकायचा नाही, आधी पाय सुधारा. त्याचे मॅनेजर कॉनी मॅक हे मैदानावर सूट आणि टाय घालून बसणारे शांत गृहस्थ. त्यांनी पायाला हात लावू दिला नाही. सिमन्सची कारकिर्दीची सरासरी .३३४ आहे, म्हणजे हजार वेळा खेळला तर तीनशे चौतीस वेळा यशस्वी. बेसबॉलमध्ये .३०० ला लोक टोपी काढतात. १९३० आणि १९३१ या दोन्ही वर्षी आपल्या लीगमध्ये तो सरासरीत पहिला होता. पुढे त्यानं स्वतः सांगितलं की आपली चित्रफीत पाहिल्यावर उलगडा झाला. पाय जातो बाजूला, पण कमरेच्या वरचं सगळं अंग, खांदे, दंड, मनगटं, चेंडूच्या रेषेतच राहतात.

म्हणजे पाय जाणं हा दोष नव्हे. पायाबरोबर बाकीचं जाणं हा दोष. मी हे वाचून पुस्तक मिटलं आणि बराच वेळ तशीच बसले. आपल्याकडे दोन शब्द आहेत, खोड आणि लकब. खोड मोडायची असते, लकब सोडून द्यायची असते. दोन्ही दिसतात मात्र सारख्याच.

सिमन्सच्याच काळात न्यूयॉर्कला मेल ऑट होता. लुइझियानातल्या ग्रेटना गावचा मुलगा. वयाच्या सोळाव्या वर्षी न्यूयॉर्क जायंट्सचे मॅनेजर जॉन मॅग्रॉ यांच्यापुढे येऊन उभा राहिला. डावरा बॅटर, बुटका, आणि चेंडू यायच्या आधी पुढचा पाय गुडघ्यापर्यंत उचलायचा. पुस्तकाप्रमाणे ही चूकच. नवीन पोरांना खालच्या संघांत पाठवून तयार करायची रीत होती. मॅग्रॉंनी त्याला पाठवलं नाही. का? तर तिथला कुणी मॅनेजर याची बॅट फिरवायची ढब बिघडवून ठेवेल! हे मॅग्रॉ काही मवाळ गृहस्थ नव्हते, त्यांच्या तोंडाला सगळे घाबरायचे. ऑटला त्यांनी आपल्याजवळ बाकावर बसवून ठेवलं आणि १९२६ साली, सतराव्या वर्षी, मैदानात उतरवलं. पण गंमत बघा. त्याच मुलाची जागा मात्र त्यांनी बदलली. तो आला होता कॅचर म्हणून, सतत उकिडवं बसायचं काम. त्यात पाय खराब होतील म्हणून त्याला लांबच्या मैदानात धाडलं. एक गोष्ट सुधारली, एक तशीच ठेवली. ऑटनं ५११ होमरन मारले. नॅशनल लीगमध्ये पाचशेचा आकडा ओलांडणारा तो पहिला.

आता कुणी म्हणेल, बाई, मग शिकवायचंच नाही का? मुलांना मोकळं सोडायचं? थांबा, दुसरी बाजू पण आहे.

हँक आरोनचं नाव पुष्कळांनी ऐकलं असेल. जन्म १९३४, अलाबामातलं मोबील शहर. काळ्या मुलांसाठी वेगळ्या शाळा, वेगळी मैदानं, वेगळं सगळंच. याच्या शाळेत बेसबॉलचा संघच नव्हता. हा झाडूच्या दांड्यानं बाटल्यांची बुचं मारत शिकला. त्यामुळे झालं काय, की उजव्या हातानं खेळताना उजवा हात वर आणि डावा खाली हवा, ते याचे हात उलटे. डावा वर, उजवा खाली. आपण कुऱ्हाड किंवा पहार धरताना हात उलटे करून पाहा म्हणजे कळेल मनगटाला काय होतं ते. १९५२ साली, अठराव्या वर्षी, इंडियानापोलिस क्लाउन्स या संघात दाखल झाला तेव्हाही हात तसेच होते. शेवटी त्याच वर्षी ते सरळ करवून घेतले गेले. पुढे ८ एप्रिल १९७४ ला त्यानं बेब रूथचा ७१४ होमरनचा विक्रम मोडला आणि ७५५ वर थांबला. मला या गोष्टीत हातांपेक्षा एक गोष्ट जास्त लागली. अठरा वर्षं त्या पोराला "अरे, हात बदल" एवढं सांगायला कुणी नव्हतं. चूक दाखवणारा माणूस मिळणं हाही काहींच्या वाट्याला न येणारा हक्कच आहे.

बेब रूथचं नाव आलंच आहे तर एक सांगून टाकते. तो बाल्टिमोरच्या सेंट मेरीज नावाच्या शाळेत वाढला. अनाथ आणि वांड मुलांची शाळा. पोरगा डावखुरा. कॅचरचा हातमोजा होता उजव्यांसाठीचा, म्हणजे डाव्या हातात घालायचा. तो डाव्या हातातच मोजा घालून चेंडू झेलायचा, मग मोजा काढून त्याच हातानं फेकायचा. असा तो फेकायला डावा, मारायला डावा. पण आयुष्यभर लिहिलं मात्र उजव्या हातानं.

इथे मला थांबावं लागलं.

१९७८ सालची गोष्ट. मी अठ्ठावीस वर्षांची, पाचवी ब ची वर्गशिक्षिका. एक मुलगा डाव्या हातानं लिहायचा. नाव लिहीत नाही. अक्षर किडामुंगी, हाताला शाई, शेजारच्याला कोपर लागायचं. पण इतिहासाच्या पेपरात तो काय लिहायचा! अफझलखानाच्या भेटीवर तीन पानं, त्यात अर्ध्या गोष्टी त्यानं मनानं घातलेल्या, आणि मी त्या बाकीच्या शिक्षकांना वाचून दाखवायची. मी त्याचा हात बदलला. मारलं नाही असं म्हणायला मला आवडेल, पण पट्टी बोटांवर टेकवायची, रोज. दिवाळीपर्यंत तो उजव्या हातानं लिहू लागला. अक्षर गोल, सुरेख. मुख्याध्यापकांनी कौतुक केलं. आणि सहामाहीत अफझलखानाच्या भेटीवर चार ओळी होत्या. चारही बरोबर. मी पाचपैकी पाच दिले.

असो. जपानकडे वळते, कारण तिथली गोष्ट या सगळ्यांत मला सर्वांत आवडली.

सादाहारू ओ. जन्म १९४० चा, टोकियोतला. वडील चिनी, आई जपानी, घरचं जेवणाचं हॉटेल. शाळकरी वयात हा एका मैदानावर खेळत होता. चेंडू फेकायचा डाव्या हातानं, पण बॅटिंग उजव्या बाजूनं. हिरोशी अराकावा नावाच्या एका व्यावसायिक खेळाडूनं ते पाहिलं आणि सुचवलं, तू डाव्या बाजूनं मारून का बघत नाहीस? झालं, तिथून तो डाव्यानं खेळू लागला. माझ्या बरोबर उलट काम त्या माणसानं केलं होतं.

१९५९ साली ओ टोकियोच्या योमिउरी जायंट्समध्ये आला. पहिल्या सव्वीस वेळा एकही फटका नाही. त्या वर्षी सात होमरन. पुढची दोन वर्षंही बेताचीच. "ओ" ज्या अक्षरानं लिहितात त्याचा अर्थ राजा. प्रेक्षक त्याला हुकण्याचा राजा म्हणून चिडवायचे. दोष असा होता की चेंडू सुटायच्या वेळी त्याचे हात उगीच हलायचे, खाली जाऊन मग वर यायचे, आणि तेवढ्यात उशीर व्हायचा. "हात हलवू नकोस" हे त्याला सगळ्यांनी सांगून झालं होतं. त्याला ते कळत नव्हतं थोडंच! हात ऐकत नव्हते.

१९६२ मध्ये तेच अराकावा संघाचे बॅटिंग कोच होऊन आले. त्यांनी काय केलं, तर हातांबद्दल बोलणं सोडून दिलं आणि पाय उचलायला लावला. चेंडू यायच्या आधीच पुढचा, म्हणजे उजवा पाय वर घेऊन एका पायावर बगळ्यासारखं उभं राहायचं. एका पायावर तोल सांभाळणारा माणूस हातांचे खेळ करू शकत नाही. केले तर पडेल. दोष हातात, औषध पायात. १ जुलै १९६२ ला सामन्यात पहिल्यांदा हा असा उभा राहिला आणि त्याच दिवशी होमरन मारला. त्या वर्षी अडतीस झाले. आदल्या वर्षी तेरा होते.

पण हे काही जादूनं टिकलं नाही. रोज रात्री अराकावांच्या घरी चटईवर सराव. ऐकिदोच्या शिक्षकांकडून तोल शिकायचा. छतापासून दोऱ्यानं कागद लोंबता सोडायचा आणि खऱ्या जपानी तलवारीनं तो कापायचा. कागद हलका, वार जरा वाकडा गेला की तो नुसता बाजूला सरतो, कापला जात नाही. वर्षानुवर्षं हे चाललं. १९८० मध्ये निवृत्त झाला तेव्हा ८६८ होमरन होते, आरोनपेक्षा जास्त. (जपानची मैदानं लहान, पिचर निराळे, म्हणून अमेरिकन लोक ही तुलना मानत नाहीत. जावईही मानत नाहीत. मला त्या वादात रस नाही.)

पुस्तकी पंडितांच्या भांडणाबद्दलही थोडं सांगते. टेड विल्यम्स यांनी १९४१ साली .४०६ ची सरासरी काढली, त्यानंतर त्या दोन्ही लीगमध्ये कुणालाही .४०० गाठता आलेलं नाही. १९७० च्या सुमारास त्यांचं "द सायन्स ऑफ हिटिंग" आलं. त्यात बॅटरपुढची चौकट चेंडूंनी भरलेली आहे, सात आडवे, अकरा उभे, असे सत्त्याहत्तर. कुठल्या जागेवरचा चेंडू मारला तर आपली सरासरी किती, हे प्रत्येकावर लिहिलेलं. मध्ये .४००, बाहेरच्या खालच्या कोपऱ्यात .२३०. मला हे गुणपत्रकासारखं वाटलं. पिचर उंचवट्यावरून फेकतो, चेंडू खाली येत असतो, तेव्हा बॅट थोडी खालून वर फिरली तर ती चेंडूच्या वाटेवर जास्त वेळ राहील, असं त्यांचं म्हणणं. कंबर आधी वळते, हात मागून येतात. मग आले चार्ली लाउ. स्वतः खेळाडू म्हणून सरासरी .२५५, म्हणजे बेताचीच, पण शिकवायला पटाईत. त्यांचं म्हणणं, वजन मागून पुढे जाऊ दे, डोकं स्थिर ठेव, फटका लांबपर्यंत पोचव. त्यांचा शिष्य जॉर्ज ब्रेट यानं १९८० मध्ये .३९० काढले. झालं, दोन घराणी पडली. ग्वाल्हेर आणि किराणा म्हणा ना. दोघांचे शिष्य मोठे झाले आणि दोघांचे पडलेही.

एवढं होऊनही गल्लोगल्लीचे कोच पोरांना "वरून खाली मार" हेच सांगत राहिले. २०१५ पासून मोठ्या मैदानांवर चेंडूचा वेग आणि कोन मोजणारी यंत्रं बसली, आणि वर जाणाऱ्या फटक्यांचा हिशोब सगळ्यांना दिसायला लागला. जे. डी. मार्टिनेझ नावाच्या खेळाडूनं त्याआधीच मोठ्या वयात आपली बॅट फिरवायची पद्धत मुळापासून बदलली होती. त्याच्या ह्यूस्टनच्या संघानं मात्र त्याला २०१४ च्या मार्चमध्ये सोडून दिलं. त्याच वर्षी डेट्रॉइटकडून त्यानं तेवीस होमरन मारले, २०१७ साली पंचेचाळीस.

आणि ते "चेंडूवर नजर ठेव"? मी मैदानावर हे एका संध्याकाळी चाळीसेक वेळा ऐकलं. १९८४ साली बाहिल आणि लारिट्झ या दोघांनी मोजून दाखवलं की शेवटपर्यंत नजर ठेवणं माणसाच्या डोळ्याला शक्यच नाही. व्यावसायिक खेळाडूचीसुद्धा नजर शेवटच्या पाच-सहा फुटांत मागे पडते. म्हणजे आपण पोरांना अशक्य गोष्ट सांगतो आणि जमली नाही की ओरडतो. वर्गात "लक्ष दे" म्हणायचे मी, त्याचीच बहीण.

आपला सचिन लिहितो डाव्या हातानं आणि खेळला उजव्या हातानं. लहानपणी मोठ्या भावाच्या जड बॅटनं खेळून खेळून बॅट दांड्याच्या अगदी खाली धरायची सवय लागली, ती शेवटपर्यंत राहिली. हे मी जावयांना ऐकवलं. ते म्हणाले, "आई, तो सचिन आहे." बरोबर आहे. पण दहा वर्षांचा असताना तो सचिन आहे हे कुणाला माहीत होतं?

नातवाचं पुढे काय झालं ते सांगते. मे महिन्यात मुख्य कोच आजारी पडले आणि एक वयस्कर गृहस्थ आठ-दहा दिवस आले. त्यांनी नातवाचा पाय दोनच मिनिटं पाहिला. मग बेसबॉल बाजूला ठेवला आणि टेनिसचे चेंडू काढले. म्हणाले, आज मारायचं नाही, आज लागून घ्यायला शिकायचं. चेंडू अंगावर आला तर पुढचा खांदा आत वळवायचा, हनुवटी खाली, पाठ चेंडूकडे. ते हळूहळू अंगावर फेकत होते आणि मुलं पाठीवर झेलून खिदळत होती. अर्धा तास नुसता दंगा. कुणीही पायाचं नाव काढलं नाही. मला अराकावा आठवले. दोष पायात, औषध पाठीत.

पुढच्या शनिवारी पाय गेलाच, पण चार बोटंच. खांदा मात्र राहिला. दोन फटके बसले. एक झेलबाद झाला म्हणा, पण आवाज चांगला आला. बॅटचा.

परत आल्यावर गेल्या महिन्यात तालुक्याला गेले होते. बाजारपेठेत पाट्या रंगवणाऱ्याचं एक दुकान आहे, हल्ली सगळीकडे फ्लेक्सच असतात, हा अजून हातानं रंगवतो. मी उभी राहून बघत होते. "श्री गजानन किराणा" मधला ग काढत होता, एका दमात, डाव्या हातानं. वळला तेव्हा ओळखलं. त्यानं ब्रश ठेवला, वाकून नमस्कार केला, खुर्ची पुसून दिली. मी म्हटलं, "डाव्या हातानं काढतोस?" तो म्हणाला, "रंग डाव्या हातानं, बाई. बिलं उजव्या हातानं. तुम्ही वळण लावलं होतंत ना."

तो हसत होता. त्यानं ते कसं म्हटलं, हे मला घरी येईपर्यंत ठरवता आलं नाही. अजूनही नाही. मी त्याला विचारलं, अफझलखानाच्या भेटीवर तू तीन पानं लिहायचास, आठवतं का? त्याला आठवत नव्हतं. चहा मागवला त्यानं.

परवा नातवाचा फोन आला होता. यंदा नवीन कोच आहेत आणि ते सांगतात की मागचं कोपर उंच धर. मी विचारलं, "का, ते सांगितलं का त्यांनी?"

म्हणाला, "नाही आजी. विचारून सांगतो."